घोळवे वाजवतायत म्हणजे टँकर आला

मी निवृत्त आहे असं सांगितलं की आमच्या बीडमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या खात्यातून?" माणसाला खातं असतं, खात्याला पेन्शन असते आणि पेन्शनीवर महागाई भत्ता असतो अशी इथल्या लोकांची समजूत आहे, आणि ती बहुतेकांच्या बाबतीत खरीही आहे. मी म्हणतो, "रॉक बँडमधून." समोरचा माणूस दवाखान्यात भेटायला आल्यासारख्या आवाजात विचारतो, "मंग लग्नसराई सोडून बाकीचे दिवस काय करत हुता?"

तर एकदाच सांगून टाकतो. मी ड्रमर होतो. ड्रम म्हणजे पाणी साठवायची निळी पिंपं नव्हेत. हा विनोद कॉलनीतल्या प्रत्येकाने माझ्यावर करून झालेला आहे, तेव्हा वाचकांनीही तो मनातल्या मनात उरकून घ्यावा. पुण्याच्या शेतकी कॉलेजात मी शिकायला गेलो आणि गॅदरिंगमध्ये ढोल बडवताना मला कॅम्पातल्या नोएल नावाच्या गिटारवाल्याने पाहिलं. पदवीचं पुढे काय झालं ते कृपया विचारू नका, वडील मरेपर्यंत तेच विचारत होते. बँडचं 'ब्लॅक कॉटन' हे नाव मी ठेवलं. ऐकणाऱ्यांना त्यात काहीतरी गूढ दुःख वगैरे जाणवायचं. खरं तर ते आमच्या काळ्या रानाचं पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी नाव. उत्तरेश्वर घोळवे हे माझं नाव नोएलच्या जिभेला पेलेना, म्हणून मी यूटी झालो. कॉलेजं झाली, हॉटेलं झाली, गोव्यातले नाताळ झाले, एकदा बंगलोरही झालं. तिथे आमच्या आधीच्या बँडने स्टेज मोडून ठेवला होता आणि मी अख्खा कार्यक्रम तिरका बसून वाजवला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात माझ्या तोंडासमोर झांज आहे. मग डीजे नावाचा प्रकार आला. चार माणसांचं काम एक माणूस कानाला डबडं लावून करायला लागला आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. यालाच मी निवृत्ती म्हणतो. निरोप समारंभ नाही, शाल नाही, श्रीफळ नाही.

घर चाललं ते शिवकन्येच्या पगारावर. शिवकन्या म्हणजे माझी पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई, शेवटी शेवटी मुख्याध्यापिका. तिची सगळी नोकरी शिरूर कासार तालुक्यात गेली. दिवाळीच्या आसपास अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायचा आणि ही उरलेल्यांना पाढे शिकवत बसायची. माझे कार्यक्रम दारूच्या हॉटेलात, तेही पुण्याला. तिथे बायकोला घेऊन जायची पद्धत तिच्या माहेरी नव्हती आणि माझ्याही घरी नव्हती. त्यामुळे मला वाजवताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाईट वाटतं असंही मला कधी दिसलं नाही. माझ्या उभ्या व्यवसायाला ती 'बडवाबडवी' म्हणते.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर नोएलचा फोन आला. "यूटी, शेवटचं एकदा वाजवू या सगळे. जूनमध्ये, पुण्यात. हॉल मिळालाय."

मी म्हणालो, "मी तयार आहे."

"तसं नाही रे. आधी मी तिकडे येऊन ऐकतो. हात चालतायत का बघू. नसतील तर एक पोरगा आहे, बावीस वर्षांचा, झकास वाजवतो."

म्हणजे माझी परीक्षा. ज्याने तिरका बसून बंगलोर वाजवलं त्याची परीक्षा, आणि तीही ज्याला तीन मात्रांच्या पुढे मोजता येत नाही त्या नोएलकडून. मी फोन ठेवला. मला बाकी काही नको होतं. माझ्या स्टुलावर तो पोरगा बसू नये, एवढंच हवं होतं. जन्मभर आपण एकच गोष्ट केली, आणि तीसुद्धा आता येत नाही असं ठरलं तर मग राहिलं काय? 'मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान' एवढंच राहिलं.

ड्रमसेट माळ्यावर असेल अशी माझी कल्पना होती. तो घरभर कामाला लागलेला होता. मोठ्या ड्रममध्ये गोधड्या होत्या. छोट्यावर मिक्सर होता. झांजा सापडेनात, शेवटी त्या मोरीजवळ सापडल्या, रांजणांवर झाकण म्हणून.

"झाकणं न्हेऊ नका," शिवकन्या म्हणाली.

"शिवकन्ये, ही झांज तुर्कस्तानची आहे."

"असंल. रांजणात पाल पडली तर पाणी फेकून द्यायचं काळीज हाय का तुमचं?"

त्या उन्हाळ्यात बीडमध्ये कुणाचंच ते काळीज नव्हतं. मी एक झांज आणली, एक रांजणावरच राहिली.

आता जरा आमच्या कॉलनीविषयी. तिचं पूर्ण नाव 'संजीवन सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित', आणि त्यातला शेवटचा शब्द तेवढा निर्विवाद आहे. संस्थेचे चेअरमन आबासाहेब हे सहकार खात्यातून निवृत्त झाले. ठरावाशिवाय त्यांना शिंकही येत नाही. शेजारी विमलबाई, ज्यांना रक्तदाब आहे आणि तो त्या कुणालाही विसरू देत नाहीत. समोर सुंदरराव, जनावरांच्या दवाखान्यात हयात गेलेले. त्यामुळे कोणत्याही दुखण्यावर त्यांच्याकडे उपाय असतो, फक्त तो बैलाच्या मापाचा असतो.

पहिल्या दिवशी मी घरात बसून मोठ्या ड्रमच्या पेडलवरचा पाय जेमतेम हलवला असेल, विमलबाई दारात हजर. "भावजी, माजं बीपी." दुसऱ्या दिवशी सुंदरराव आले आणि ड्रममध्ये भुस्सा भरायचा सल्ला देऊन गेले. भुस्सा भरला. आवाज गेला, पण ड्रममधून किडे निघाले आणि ते शिवकन्येच्या गव्हात गेले, म्हणजे जायला नकोत तिथेच गेले. मग मी उशांवर वाजवून पाहिलं. उशीवर वाजवणं म्हणजे जेवणाचा फोटो चावण्यासारखं आहे, शिवाय कापूस नाकात जातो. सुंदररावांनी पुन्हा विचार केला.

"पाझर तलावात जा की. पाणी न्हाई, माणूस न्हाई. आख्खं मैदान तुमचं."

सूचना खरोखर चांगली होती. ॲपे रिक्षात सामान घालून मी कोरड्या तलावाच्या मधोमध जाऊन बसलो. जन्म जनावरांत काढलेल्या सुंदररावांना एवढंच आठवलं नाही की तलावाच्या काठाला चारा छावणी बसलेली आहे. मी मोठ्या ड्रमला पाय लावला आणि काठावरच्या सगळ्या जनावरांनी एकदम माना वर केल्या. इतके एकाग्र श्रोते मला पुण्यातही मिळाले नव्हते. पुढच्या ठोक्याला त्यांतल्या निम्म्यांनी दावी तोडली. नंतरचा वेळ मी तलावाच्या गाळातून एका म्हातारीच्या म्हशीमागे फिरत काढला, कारण म्हैस सापडेपर्यंत म्हातारीने माझ्या शर्टाची बाही सोडली नाही. "मसरं उपाशी हायती ते कमी हुतं व्हय रं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एक चप्पल गाळाच्या भेगेत गेली ती गेलीच.

मी चिडून घरी आलो आणि पोर्चमध्ये, सगळ्या कॉलनीच्या नाकावर टिच्चून, ड्रम मांडून वाजवायला बसलो. व्हायचं ते झालं. विमलबाई तणतणत बाहेर आल्या, त्यांच्यामागे मागच्या गल्लीतल्या बायका, सुंदरराव, बनियनवर आबासाहेब. सगळी कॉलनी मला बोलायला रस्त्यावर आली. आणि त्याच वेळी कोपऱ्यावर पाण्याचा टँकर येऊन उभा होता.

टँकरची गोष्ट समजून घेतली पाहिजे. तो येतो म्हणजे कधीतरी येतो. ड्रायव्हर जालिंदर कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा, पण हमरस्त्यावरचा प्रत्येक ट्रक हॉर्न देतच जातो. पुढच्या घरांना कळायचं, मागची गल्ली कोरडी राहायची आणि मग आठवडाभर भांडणं. त्यात नंबराचा कायदा कडक. भांडं ठेवलं की माणसाने भांड्याजवळ उभं राहायचं. नंबर सोडून हलला की नंबर गेला, मग तो चेअरमन असो की नवरदेव. विमलबाईंना नंबरात असताना माहेरून फोन आला की वडील गेले. त्या तिथेच उभं राहून रडल्या, हंडे भरले, ते घरात ठेवले आणि मग एसटी धरली. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. उलट पुढच्याने त्यांचा हंडा उचलून दिला.

तर त्या दिवशी मला शिव्या द्यायला म्हणून सगळे बाहेर होते आणि त्यामुळे इतिहासात पहिल्यांदा कॉलनीतल्या एकूण एक घराला पाणी मिळालं. आबासाहेब भरलेल्या बादलीकडे बघत उभे राहिले. सहकार खात्यातल्या माणसाच्या डोक्यात ठराव कसा जन्मतो हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. आधी भुवया हलतात.

ठराव असा: टँकर आल्यावर श्री. घोळवे यांनी टँकर रिकामा होईपर्यंत ड्रमवादन करावे. इतर वेळी करू नये. सूचक सुंदरराव, अनुमोदक विमलबाई. रक्तदाबाचं काय झालं असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पाण्यासाठी वाजलं तर मला काई व्हत न्हाई."

"मानद हाय बरं का पद," आबासाहेब मला म्हणाले. मानद म्हणजे ज्यात मान आपण द्यायचा असतो.

मी कबूल झालो, कारण टँकर रिकामा व्हायला चांगला अर्धा तास लागतो. तेवढा तरी सराव होईल असं मला वाटलं. किती भाबडा माणूस मी.

जालिंदर गावात शिरला की मला मिस कॉल द्यायचा. त्यामुळे मी घराला बांधला गेलो. भाजीला जायचं नाही, कटिंगला जायचं नाही. एका मयतीला गेलो होतो तर स्मशानात कॉलनीतून माणूस मोटारसायकल घेऊन आला. आणि वाजवायचं काय? पहिल्यांदा मी मनापासून जलद वाजवलं, तर सगळे जीव खाऊन पळाले आणि सुंदरराव घसरले. त्यांच्या गुडघ्यामुळे आबासाहेबांनी मला साधा, संथ ठेका ठरवून दिला. धुम, टक. धुम, टक. बरं, त्यात बदल केला तर कापडी पिशव्या घेऊन लोक विचारायचे, "आज रेशनचं हाय का?" असे ते दिवस मी धुम टक करत काढले. हात मोकळे व्हायच्या ऐवजी घाण्याच्या बैलासारखे एकाच फेऱ्याला लागले, आणि नोएलचा रविवार जवळ येत होता.

ठरावाचा खरा फायदा झाला शिवकन्येला. मी काड्या हातात घेतल्या की ती हंडा घेऊन निघायची. त्यामुळे पहिला नंबर कायम तिचा. त्या नंबरावर तिचा भारी जीव. उन्हाळाभर तो तिने कुणाला दिला नाही, सख्ख्या नणंदेला नाही. माझं वाजवणं ती ऐकत नसे, त्यावर नुसती पळत असे.

ठरावाबाहेर वाजवायची तर सोयच उरली नव्हती. एकदा दुपारी शिवकन्येने तांब्याभर पाणी घ्यायला रांजणावरची झांज उचलली आणि ती हातातून निसटून फरशीवर पडली. झांज थांबायच्या आत आमच्या दारात बत्तीस हंडे होते. टँकर नाही म्हटल्यावर लोक जे बोलले ते सहकारी तत्त्वात बसणारं नव्हतं. विमलबाई तेवढ्या हळहळल्या, "कावून जिवाशी खेळता वो आमच्या?" त्यानंतर आमच्या घरात ताटंसुद्धा फडक्यात गुंडाळून घासली जाऊ लागली.

शेवटी मी आबासाहेबांकडे गेलो. रविवारी पुण्याहून माणूस येतोय, एक तास खासगी वाजवू द्या.

"अर्ज द्या. दोन प्रती."

"आबासाहेब, तुमच्या-माझ्या घरात एकच भिंत आहे."

"भिंतीला सहीचा अधिकार न्हाई," ते शांतपणे म्हणाले.

अर्ज दिला. सभा झाली. सभेत निम्मा वेळ गेल्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीवर गेला. परवानगी मिळाली ती एका अटीवर: रविवारचं वाजवणं टँकरचं नाही, हे मी घरोघर जाऊन प्रत्येकाला समक्ष सांगायचं. मी ते प्रामाणिकपणे केलं. उन्हात प्रत्येक दारात उभा राहिलो, हात जोडले, म्हणालो, "रविवारी वाजवीन, पण टँकर नाही. कृपा करून कुणी हंडा आणू नका."

इथे माझं चुकलं. पुण्यात राहून माणसाला दुष्काळ कळत नाही. ज्याच्या नळाला पाणी आहे तो माणूस 'पाणी नाही' हे वाक्य सरळ ऐकतो. आमच्या लोकांनी ते तसं ऐकलं नाही. पंपावरचा माणूस कधी 'नाही' म्हणतो, पुढारी कधी 'नाही' म्हणतो आणि त्यानंतर पाणी कुणाच्या शेततळ्यात जातं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं होतं. त्यामुळे घोळवे ज्या अर्थी घरोघर फिरून टँकर नाही सांगतोय, त्या अर्थी टँकर आहे, मोठा आहे आणि त्याने तो एकट्यासाठी मागवलाय, असा कॉलनीचा एकमुखी निष्कर्ष निघाला. एकमत या संस्थेत इतकं लवकर कधी झालं नव्हतं.

रविवारी नोएल आला. डोक्यावर हॅट, मागे पांढरी शेंडी बांधलेली, हातात कॅमेरा, पांढरी गाडी. गाडीतून उतरून त्याने वाळलेल्या कडुलिंबाचा फोटो काढला आणि तिथेच सगळं बिघडलं. दुष्काळात आमच्याकडे गाडीतून उतरून वाळलेल्या झाडाचा फोटो काढणारा माणूस एकच, केंद्राचं पाहणी पथक. विमलबाईंनी त्याच्यापुढे रिकामी घागर पालथी करून दाखवली.

"साहेब, बघा. थेंब न्हाई."

"मी गिटार वाजवतो," नोएल घाबरून म्हणाला.

"वाजवा की. पर आदी लिहून घ्या."

मी त्याला कसंबसं सोडवून पोर्चमध्ये आणलं. तोपर्यंत मी अजून काडीला हात लावला नव्हता आणि फाटकाबाहेर हंड्यांची रांग लागलेली होती. आबासाहेबांची बादली तिच्यात होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ठराव मला पाठ हाय," ते नजर चुकवत म्हणाले, "पर घरच्यांच्या समाधानासाठी."

सर्वांत पुढे शिवकन्या, शेजारी तिचा हंडा. माझ्या सख्ख्या बायकोचासुद्धा माझ्यावर विश्वास नव्हता. मी तिला जवळ जाऊन विचारलं, "तूसुद्धा?" ती म्हणाली, "आलाच तर?"

मी बसलो. नोएलने मान हलवून खूण केली, आणि माझ्या हातांनी काय सुरू केलं? धुम, टक. धुम, टक. मला थांबवता येईना. एक गाणं मनात धरून मी त्याच्या दिशेने हात नेतोय आणि हात आपले टँकरकडे जातायत. रांग एक पाऊल पुढे सरकली. नोएल आधी माझ्याकडे बघत होता, मग तो जमिनीकडे बघायला लागला. हे त्याचं जमिनीकडे बघणं मला जुनं माहीत आहे. कुणाला काढून टाकायचं असलं की तो असाच बघतो. त्याच्या डोळ्यांपुढे तो बावीस वर्षांचा पोरगा बसलेला मला स्वच्छ दिसला.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घोळवे, उगं टाईमपास करू नका. टँकर कुठं लपवलाय?"

मग मात्र मला राग आला. साधासुधा नाही. भुस्सा, उशा, म्हैस, चप्पल, ठराव, दोन प्रती, मयत, धुम टक, सगळ्याचा एकदम आला. इतक्या वर्षांत कुणी मला 'छान वाजवता' म्हटलं नव्हतं याचाही आला. मी पुढे वाकलो आणि समोर जे येईल त्यावर तुटून पडलो. पहिले काही ठोके निव्वळ राग होता. मग कधी कोण जाणे खांदा सैल झाला, मनगटं फिरायला लागली आणि डावा पाय, जो पहिल्या फोनपासून रुसलेला होता, तो आपणहून आला. मी वाजवत होतो. खरंच वाजवत होतो. नोएलने मान वर केली आणि त्याची बोटं हवेत गिटारीच्या जागा शोधायला लागली. मला रडू येत होतं आणि घामात ते खपून गेलं.

आणि कोपऱ्यावरून टँकर वळला.

नंतर कळलं ते असं. जालिंदर त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर बारशाला खेप टाकायला निघाला होता. त्याचा फोन बंद पडलेला. हमरस्त्यावर त्याला माझं वाजवणं ऐकू आलं. "घोळवे वाजवायलेत म्हणल्यावर मला वाटलं माजी खेप हितलीच हाय," असं त्याने नंतर चौकशीत सांगितलं. टँकर आला की मी वाजवतो, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने ते दुसऱ्या बाजूने धरलं.

रांगेत एकच गलका झाला. "म्हणलं नव्हतं, मागवलाय म्हणून," विमलबाई म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी पथकाच्या हातात बादली दिली. नोएल रांगेबरोबर वाहून गेला. ब्लॅक कॉटनचा संस्थापक, पांढऱ्या शेंडीसकट, बादली धरून टँकरच्या रांगेत उभा असलेला मला वाजवता वाजवता दिसत होता. क्षणापूर्वी माझ्यापुढे अख्खी कॉलनी होती, आता पाठी होत्या. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. थांबावंसं वाटलं, पण थांबता येत नव्हतं. हात थांबत नव्हते आणि ठरावाप्रमाणेही टँकर रिकामा होईपर्यंत थांबायची मुभा नव्हती.

तेवढ्यात सुंदररावांचा आवाज आला, "वैनी, नंबर चाललाय तुमचा."

मी पाहिलं. फाटकाशी शिवकन्या उभी होती, तोंड माझ्याकडे. हंडा जागच्या जागी होता आणि पहिला नंबर तिच्या शेजारून पुढे चालला होता. विमलबाईंनी दोनदा हाक मारली, मग न राहवून आपली घागर पुढे सरकवली. त्यांच्यामागे बाकीची भांडी सरकली. शिवकन्येने वळून पाहिलं नाही. तिने हंडा उचलला, पोर्चच्या पायरीजवळ आणला, पालथा घातला आणि त्याच्यावर बसली. हात मांडीवर. वर्गात मुलगा कविता म्हणत असला की ती अशी बसत असेल.

मी वाजवत राहिलो. टँकर कधी संपला ते मला कळलं नाही. रस्ता मोकळा झाला, लोक दारं लावून घेऊ लागले, जालिंदर फार्महाऊसचं आठवून डोक्याला हात लावून बसला. नोएल कमरेपर्यंत भिजून आला, बादली त्याने विमलबाईंच्या ओट्यावर ठेवली.

"अकरा तारखेला चार वाजता ये हॉलवर," तो म्हणाला. "त्या पोराला मी कळवतो."

मला वाटलं होतं हे ऐकून मी उड्या मारीन. मी नुसती मान हलवली आणि शिवकन्येकडे पाहिलं. घरात दोन रांजण होते आणि दोन्हींचा तळ दिसत होता. पुढची खेप कधी, हे देवालाही माहीत नव्हतं.

"पाणी?" मी विचारलं.

"गेलं," ती म्हणाली. हंड्यावरून ती उठली नाही. पदराने तिने कपाळ पुसलं. "गेलंच हाय तर आता पयल्यापासून वाजवा. सुरवातीचं मला नीट ऐकू आलं न्हाई. नंबरात हुते मी."